दोनशेवरचा काटा

मुरूमच्या महाविद्यालयात नवं यंत्र आलं, तेव्हा त्याच्यासोबतचं माहितीपुस्तक कोणी उघडलं नाही; नारळ मात्र लगेच फोडला.

यंत्राचं नाव व्हॅक्यूम कंट्रोलर. चंबूतली हवा पंपानं ओढली, की आतला द्रव कमी तापमानाला उकळतो. हवा जास्त ओढली गेली, तर उसळून बाहेर पळतो. हवा नेमकी हवी तेवढीच ओढू द्यायचं काम प्रयोगशाळेतल्या परिचर चन्नम्मा सव्वीस वर्षं करत होत्या. एक हात बाहेरची हवा आत सोडणाऱ्या काचेच्या तोटीवर, एक कान पंपाकडं. दाबाचा काटा दोनशेवर म्हणजे दोनशेवर. आता हे काम यंत्र करणार होतं. आकडा फार उतरला, की ते वरच्या बारीक भोकातून घोटभर हवा आत घेणार होतं.

पूजा प्राचार्य महारुद्र सरांनी स्वतः केली. तेलात कालवलेल्या घट्ट कुंकवाचं बोट त्यांनी बरोबर त्या भोकावर टेकवलं.

"सर, तिथं नगं. ते त्याचं नाक हाय," चन्नम्मा म्हणाल्या.

"वरच्या अंगाला असतंय ते कपाळच. आन् चन्नम्मा, आजपासनं तुम्ही ह्याला हात लावायचा न्हाय. डिजिटल हाय हे."

संशोधन केंद्राला मान्यता द्यायला दोन दिवसांनी समिती येणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम ठेवली. शिवांजली ही संशोधक विद्यार्थिनी. तिनं आठ दिवस खपून काढलेला करडईच्या पाकळ्यांचा अर्क चंबूत ओतला. सरांनी दोनशे आकडा लावला. यंत्रानं दोनशे दाखवलं. मग एकशे ऐंशी. मग एकशे वीस. मग नव्वद. अर्क फेसाळला, उसळला आणि सरळ पंपाच्या नळीत गेला.

"अय्यो," चन्नम्मा म्हणाल्या.

सरांनी कंपनीला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, "वरच्या छिद्रावर काही लावलंय का?"

"छे! मशीनला कोण कशाला काय लावतंय?"

"मग कोणीतरी हाताळलं असेल."

हा शब्द सरांना एकदम पटला. त्यांनी चन्नम्मांना बोलावलं. "लेखी माफी द्या. न्हायतर तासाची घंटा बडवायला बदली."

"म्या हातच लावला न्हाय, तर माफी कशाची?"

"जे काय आसंल ते लेखी द्या."

चन्नम्मांनी लेखी दिलं : 'मी यंत्राला हात लावला नाही. ज्यांनी लावला, त्यांचं बोट अजून लाल आहे.'

सरांनी कागद वाचला आणि हात खिशात घातला. घंटेचा आदेश टाइप झाला. सही तेवढी समिती गेल्यावर व्हायची होती.

समिती आली. शिवांजलीनं उरलासुरला अर्क चंबूत ओतला. दोनशे. एकशे सत्तर. एकशे तीस. फेस वर चढायला लागला. चन्नम्मा पदर खोचून पुढं आल्या.

"हात लावू नका!" सर ओरडले.

"मशीनला न्हाय लावत. तोटी माझी हाय."

त्यांनी चंबूवरची जुनी तोटी केसभर फिरवली. पंपाचा सूर बदलला. आकडा चढत चढत दोनशेवर आला आणि तिथंच बसला. वीस मिनिटं हलला नाही. अर्क शहाण्या मुलासारखा उकळत राहिला.

समितीचे अध्यक्ष खूश झाले. "फारच अचूक! कोणता कंट्रोलर आहे हा?"

"चन्नम्मा मावशी," शिवांजली म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा चढवून यंत्राकडं पाहिलं आणि टाचणीनं भोक खरवडलं. टाचणी लाल झाली.

"इथं कुंकू कोणी लावलं?"

सरांचा हात खिशात होता.

"लेखी इचारा साहेब," चन्नम्मा म्हणाल्या. "लेखी सांगते."

अध्यक्षांनी सरांच्या खिशाकडं बराच वेळ पाहिलं आणि लेखी काही विचारलं नाही.

मान्यता मिळाली. पंपाखाली जिथं तेल गळतं, तिथं चन्नम्मांनी घंटेचा बिनसहीचा आदेश अंथरला. कागद चांगला जाड होता.

मग खंडेनवमी आली. सर तबक घेऊन प्रयोगशाळेत शिरले. चन्नम्मा यंत्रापुढं कंबरेवर हात ठेवून उभ्या. सरांचं बोट कुंकवात बुडालं, हवेत थांबलं.

"कुठं लावू, चन्नम्मा?"

"सोताच्या कपाळाला लावा, सर. तिथनं काय आत जात न्हाय."