तात्यांचा डावा गुडघा

हिटरच्या दुकानात शिरल्या शिरल्या तात्या फरशीवर बसकण मारतात, धोतर वर सारतात आणि डावा गुडघा उघडा करून हिटरपुढे धरतात. मग डोळे मिटतात. सगळं दुकान गप्प. निकाल मात्र ठरलेला असतो : “धग न्हाय!”

तात्या म्हणजे आमच्या सणसरच्या शिवारातले माझे शेजारी. बांधाला बांध. त्यांचा उभा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. भट्टीच्या नुसत्या उजेडावर आपण भाकरी शेकत होतो, असं ते सांगतात. पाळी संपवून ते घरी निघाले की त्यांच्या अंगच्या उष्णतेनं वाटेतला ऊस तुऱ्यावर यायचा, असं मी सांगतो. दोन्ही सारखंच खरं. कुणी चूल पेटवो नाहीतर विडी, तात्यांचं वाक्य एकच : “आमी बॉयलरवरची माणसं. धग आमाला शिकवू नका.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी रानात घर बांधलं. जन्मभर भाजलेला माणूस. गवंड्याला म्हणाले, “वारं पायजे बघ, चारी अंगानं!” गवंडी नको तितका आज्ञाधारक निघाला. त्यानं भिंतींना इतक्या जाळ्या ठेवल्या, की घर आणि खुराडं यात फरक फक्त कोंबड्यांचा. उन्हाळ्यात तिथं स्वर्ग. पण हिवाळ्यात, भिजवलेल्या उसातनं वारं सुटलं की ताटातला पापड अंगठ्याखाली दाबून जेवावं लागतं. मी एकदा तिथं चहा प्यायलो. पहिला घोट चहाचा होता, दुसऱ्यापासून ताकाची चव लागली.

तात्यांनी जाळ्यांत पोती कोंबली. वाऱ्यानं ती उपसून माझ्या बांधावर आणून टाकली.

दिवाळीनंतर आक्का, म्हणजे तात्यांचं कुटुंब, पुण्याला लेकाकडे गेल्या. कुणी विचारलं की तात्या सांगायचे, “थंडीपुरती गेलीया. हिटर घावला की आलीच म्हणून समजा.” गाडी माझ्याकडे. त्यामुळे हिटर शोधायची साडेसाती माझ्या राशीला आली.

इंदापुरात लाल तारांचा हिटर पाहिला. तात्या म्हणाले, “नुसतं तोंड लाल. निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यावानी.” दुसऱ्या दुकानात पंख्याचा हिटर लावला, तर ताडकन उठले. “ह्यो तर वारंच सोडतोय! वारं घरी फुकट हाय की!”

बारामतीत सेल्समननं तेलाचा हिटर पुढे ढकलला.

“तेल कंचं? करडीचं का शेंगदाण्याचं?”

“आजोबा, ते आतच सीलबंद असतं. जळत नाही, संपत नाही. तुम्ही वर खुर्चीत बसून बघा ना.”

“खुर्चीत कोण बसतंय? माणूस भुईवर बसतंय.”

आणि गुडघा पुढे. या खेपेला डोळे बराच वेळ मिटलेले राहिले. मग हळूच निकाल आला, “हाय. धग हाय.”

परतताना मी चिमटा काढला. “तात्या, गुडघा एवढा दुखतोय, अन् परवा नारळावर चढला होता!”

“गप गाडी चालवा, आप्पा.”

घरी आल्यावर हिटर बाहेरच्या खोलीत बाजेजवळ लागेल असं मला वाटलं. तात्या तो थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. तिथं भिंतीच्या जाळीशेजारी एक पाट होता, पाटापुढं विळी. तात्यांनी पाटावर घडी करून गोधडी घातली. मग स्वतः विळीवर बसून दाखवलं. उजवा पाय विळीच्या फळीवर मुडपलेला, डावा गुडघा वर, नेमका जाळीच्या तोंडाशी.

“हितं बसून तिनं सगळे हिवाळे काढले,” ते म्हणाले. “वारं मी मागितलं, आप्पा. खाल्लं तिच्या गुडघ्यानं.”

मी वाकून पाटावरची गोधडी सारखी केली.

त्यांनी मला पुण्याला व्हिडिओ कॉल लावायला लावला. आक्का दिसताच फोन हिटरवरून, पाटावरून, गोधडीवरून फिरवला. “बघ! आता गुडघा न्हाय कुरकुरायचा. कवा येतीस?”

“अवो, ग्वाड हाय की हिटर!” आक्का हसल्या. “पण सूनबाई कामाला जाती. पोरगं शाळंतनं आलं की घरात कोण हाय त्याला? मे महिन्यात सुट्टी लागली की येते की मी. त्याला बी आणते.”

“ये की,” तात्या म्हणाले. “कवा बी ये. घर तुजंच हाय.”

फोन ठेवला. हिटरचं बटण बंद केलं. “लाईट कशाला जाळायची उगं,” म्हणाले, आणि जाळीतनं निसटलेलं एक पोतं पुन्हा आत दाबत बसले. हिटर थंड होताना टक्‌ टक्‌ वाजत होता. तेवढाच काय तो घरात आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मफलर गुंडाळून तात्या माझ्या दारात हजर.

“आप्पा, गाडी काढा. बारामतीला कूलर बघायचाय.”

“ह्या थंडीत?”

“मे महिन्यात आमच्या घरात लई उकडतंय.”

ज्या घरात मे महिन्यातही मी चादर मागून घेतो, त्या घराबद्दल बोलत होते. पण मी गाडी काढली.

तोच सेल्समन स्वेटरच्या बाह्या ओढत आला. त्यानं धूळ झटकून कूलर सुरू केला आणि गिऱ्हाइकं दोन पावलं मागं सरली. तात्या मात्र त्याच्यासमोर फरशीवर बसले आणि धोतर वर सारलं.

“आजोबा, कूलरला गुडघा कशाला?” सेल्समननं विचारलं.

तात्यांनी डावा गुडघा तळहातानं झाकून घेतला.

“खोलीभर वारं पायजे,” ते म्हणाले. “फकस्त हितं लागता कामा न्हाय.”