धाकू रेवाळे यांनी दोर झेलिला त्याची हकिकत

श्री मारुतिराय धक्केकर प्रसन्न. कथेस बसल्या सज्जनांनी टाळ मांडीवर ठेवोन चित्त क्षणभर इकडे द्यावे. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, पश्चिम समुद्रतीरीच्या एका राज्यात थोर बंदर होते आणि त्या बंदरी धाकू रेवाळे नांदत होते. जहाज धक्क्यास आले म्हणजे वरोन खलाशी दोर फेकी, तो अधांतरी झेलोन खुंट्यास वेढावा, हे यांचे काम. चाळीस वर्षे केले, एक दोर पाण्यात पडू दिला नाही. तेव्हाचा धक्का काय वर्णावा! खजुराचा वास, माल उचलणाऱ्या याऱ्यांची करकर, हमालांच्या हाका, आणि सांजेस मारुतीपुढे अनंतबुवांचे कीर्तन. बुवांनी अभंग उचलावा आणि धाकूंनी टाळ धरावा आणि परमुलखीच्या खलाशांनीही पायरीवर बसोन माना डोलवाव्या. ऐसे सुख आता कोठे!

मग बंदराच्या कारभाऱ्यांच्या मनात आले जे, पोते दोन मणांचे आहे ते अडीच मणांचे करावे. केले, आणि हमालांच्या पाठी मोडो लागल्या. तेव्हा रावजी मुकादम यांनी सारे गोदीकर जमवोन मारुतीच्या पायांवर हात ठेवविला, "वजन उतरेतो जहाजाच्या कामास हात लावायचा नाही. जो लावील त्याला टोळीत जागा नाही, कीर्तनात टाळ नाही." धाकूंनीही हात ठेविला. मग जहाजे आठ दिवस नांगरावर डुलली आणि मग एकेक करोन दक्षिणेस परराज्याच्या बंदरी वळली. कारभारी मिशीस पीळ देवोन बोलिले, "तेथोन आगगाडीने माल आणू. आमचे काय अडते?" आणि मालडब्यांच्या वाघिणी जुंपिल्या. परंतु एका जहाजाच्या पोटास साठ वाघिणी लागत, आणि घाटात इंजिन धापा टाकी, आणि जो माल दोन दिवसांत पेठेत यावा तो नवव्या दिवशी पोहोचे. तरी पोहोचे.

एकोणिसावे दिवशी सकाळी उस्मान नाखवे यांचे जहाज आले. लांबच्या मुलखातून आले, संपाचे वर्तमान ठाऊक नाही. धाकू उगाच समुद्र पाहत उभे. वरोन दोर आला, आणि हात आपसूक वर गेले, आणि दोर झेलिला, आणि दोन वेढे देवोन खुंट्यास बांधिला, आणि मग ध्यानी आले, काय जाहले ते. रावजी ओरडले, "धाकूदादा, हे काय केलंस रे?"

"मी कुठं काय केलं? हातांनी केलं."

"मग हात घरी ठेवून यायचे होतेस!"

कोणी हसले, कोणी थुंकले. कारभाऱ्यांस तर आनंद मावेना. संप मोडला म्हणोन जरीचा शेला घेवोन स्वये आले. धाकू मुजरा करोन बोलिले, "सरकार, शेला जड आहे. अर्धा मण जास्तच भरेल." आणि परत केला. तथापि शपथ मोडली ती मोडलीच. सांजेस मारुतीपुढे पंच बसले. रावजींचे डोळे भरले, तरी म्हणाले, "एकाला माफ केलं तर उद्या दहा जण झेलतील." अनंतबुवांनी चिपळ्या खाली ठेविल्या. तो पायरीवरोन उस्मान नाखवे उठले. "दोर माझा, चूक माझी. जहाजच धक्क्याला नाही, तर तुमची शपथ मोडली कशी?" ऐसे बोलोन धक्क्यावर गेले आणि आपल्या हाते वेढे सोडू लागले. धाकू मागे धावले. 'थांबा' हा शब्द ओठी आला होता. बोलते, तर टाळ जाता, टोळी जाती. बोलिले नाहीत. नाखवे शिडी चढोन गेले, आणि जहाज दक्षिणेस गेले.

पंचविसावे दिवशी कारभारी नमले. पोते पुन्हा दोन मणांचे जाहले, गुलाल उधळिला, आणि धाकूंचा टाळ धाकूंच्या हाती राहिला. परंतु जहाजांस दक्षिणेची वाट अंगवळणी पडली, तिकडे रूळ वाढत गेले, आणि इकडे खुंट्यांस शेवाळ चढले. उस्मान नाखवे पुन्हा आले नाहीत. वर्षाने, कीर्तन उरकल्यावर, बुवांनी हळूच विचारिले, "धाकोबा, दोर झेलल्याची रुखरुख अजून आहे काय?"

"छे बुवा. झेलला तो बरोबर झेलला. सोडू दिला, तेवढं मनात राहिलं."

येणेप्रमाणे पाठी वाचल्या आणि बंदर गेले. ऐकिले तैसे लिहिले. उणे अधिक मारुतिरायांनी पदरी घ्यावे.