धाकलूची नवी बत्ती

या, असे जवळ सरून बसा. पाताळगंगेच्या काठची एक गंमत सांगायची आहे.

धाकलूची लेक अक्षदा सातव्या महिन्यात माहेरी आली आणि तिला इच्छा झाली नदीतल्या माशाची. "बाजारातला नको बाबा, आपल्या खोपीवरचा," ती म्हणाली. झालं! धाकलूनं काठावरची गवताची खोप शाकारली, जाळं सांधलं. अडचण एकच. साठीनंतर तिन्हीसांजेला त्याला जाळं आणि धोतर सारखंच दिसायचं.

म्हणून बत्ती घ्यायला तो खोपोलीला गेला. दुकानदार अजेयनं एकेक पुढे ठेवली.

"ही कपाळाला बांधायची, काका."

"आन् शिंकलो की उजेड कुठं जाईल रं?"

"मग ही घ्या. लाल, हिरवी, निळी, हवी तशी लागते."

"मासं धरायचं हायत, वरात नाय काढायची."

तिसरी गोल, पांढरीशुभ्र, वर टांगायला आकडा. ती लागली आणि धाकलूनं ती दोन्ही हातांत उचलून घेतली. थेट नानाची गॅसबत्ती! त्याचा थोरला भाऊ नाना जन्मभर कीर्तनाची बत्ती सांभाळत आला. पंप मारता मारता बत्तीची फुरफुर आणि तोंडानं नामस्मरण. खोपीशेजारच्या उंबराला त्यानं बत्ती टांगली की गावाला वेगळं आवतण लागत नसे. उजेड दिसला, की कीर्तन. नाना गेल्याला सहा वर्षं झाली. उंबराखाली तेव्हापासून अंधारच.

"हिची फुरफुर नाय होत?"

"नाही काका, चार्जिंगची आहे."

"दे. फुरफुर मी करीन."

बुधवारी दिवेलागणीला त्यानं जाळं लावलं. पण एवढ्याशा खोपीत तो उजेड डोळे उघडू देईना. मग हात आपोआप वर गेला आणि बत्ती उंबराला टांगली गेली.

थोड्याच वेळात चिमाआजी हजर. काखेत गोणपाट, गळ्यात तुळशीची माळ. "कोण बुवा आलाय रं, धाकलू?"

"बुवा कुठला आजी! मी आपलं..." माळ बघून 'मासे' हा शब्द त्यानं गिळून टाकला. तोवर हिरू मृदंग घेऊन आला. मागोमाग धाकलूची बायको इंदूबाई, अर्धं गाव आणि सावकाश पावलं टाकत अक्षदा. टाळ सुरू झाले.

'आता मासा थेट खाडीत जाऊन थांबणार,' धाकलू मनात म्हणाला.

बुवा नाही म्हटल्यावर लोकांनी नानाचा भाऊ म्हणून त्यालाच उभं केलं. नानाच्या शेजारी बसून ऐकलेलं त्याला आठवू लागलं, आणि आठवला तोही नेमका मत्स्यावतार! सांगता सांगता त्याचा आवाज नानासारखा लागला. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले.

"राजाच्या ओंजळीतला मासा म्हनाला, राजा, मला संबाळ..."

सगळे चिडीचूप. आणि मागे पाण्यात फट्! फट् फट्! बत्तीवरचे किडे पाण्यात पडत होते, त्यांच्यामागे आलेले मासे जाळ्यात अडकले होते.

"काय वाजतंय रं?" हिरूनं विचारलं.

धाकलू पाण्याच्या बाजूला आडवा उभा राहिला. चिमाआजी डोळे मिटूनच म्हणाली, "कुनाचा तरी टाळ चुकतोय. तुमी विठ्ठल विठ्ठल म्हना."

आरतीचं ताट फिरवताना ती त्याच्या कानाशी लागली. "मानसं पांगली की उचल. पोरीला पोटभर घाल. उद्या गुरुवार, उद्या नुसती बत्ती लाव. जाळं नको."

बत्ती काढताना धाकलूनं तोंडानं हळूच फुर्रर्र केलं. अक्षदा हसली आणि हसता हसता तिनं त्याचा हात धरला. "बाबा, थेट नानाकाका!"

तुम्हालाही कधी नदीकाठी असा पांढरा उजेड दिसला, तर घटकाभर थांबा आणि बत्तीवाल्या नानाची आठवण काढा.