टेपभाऊंची चौदा पुडकी

पैज लागली ती जिन्यात, आणि खाज टेपभाऊंनाच होती.

टेपभाऊ म्हणजे घरसामान बांधून देणारा माणूस. लोक घरं बदलतात आणि टेपभाऊ त्यांचे संसार खोक्यांत भरतात. एकवीस वर्षांत त्यांनी बांधलेला एक कप फुटला नाही. खोक्यांना लावायच्या रुंद चिकटपट्टीचा रोल मनगटात बांगडीसारखा अडकवूनच ते घरी यायचे, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना टेपभाऊ म्हणायची. बायकोसुद्धा, चिडली की.

रविवारी बिल्डिंगची सहल निघणार होती, शहराबाहेरच्या मोठ्या पार्कात. शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरकाकू जिन्यात भेटल्या. काकूंनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून समोरच्या माणसाशी बोलताना तो मागच्या सीटवर बसलाय असंच बोलायच्या.

"काय रे, उद्या दिवसभराला बरोबर काय काय घेतोयस?"

"सगळं," टेपभाऊ म्हणाले. "पार्कात माणसाला जे जे लागेल ते एका बॅगेत. कुणापुढे हात पसरायची वेळ येणार नाही."

"जेवायच्या आत माझ्याकडे मागायला येशील."

"तुमच्याकडे? काकू, तुमच्या पिशवीत असतं काय? रुमाल आणि चष्मा."

"आणि अक्कल," काकू म्हणाल्या. "लाव पैज. माझ्याकडे काही मागितलंस तर तू हरलास. नाही मागितलंस तर मी हरले. हरेल त्यानं, जिंकणारा सांगेल ते, तिथंच पार्कात, सगळ्यांदेखत करायचं."

"लागली!" टेपभाऊ म्हणाले, आणि टाळी एवढ्या जोरात दिली की तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं.

आता एवढा जोर कशाला, असं कुणालाही वाटेल. जोर लेकीसाठी होता. टेपभाऊंची एकुलती एक लेक मंगळवारी दुसऱ्या शहरात कॉलेजला निघणार होती. तिचे सात खोके पॅसेजमध्ये उभे होते, टेपभाऊंनीच भरलेले. सहा खोके नेहमीसारखे झाले. सातव्यावर, ज्यात तिची उशी होती, एकवीस वर्षांत पहिल्यांदा पट्टी वाकडी गेली. त्यांनी ती उपटली, पुन्हा लावली, पुन्हा वाकडी गेली. मग तशीच ठेवली.

लेक तिसरीत असल्यापासून या पार्कात न्या म्हणून मागे लागायची. पण लोक घर बदलतात रविवारी. त्यामुळे प्रत्येक रविवारी टेपभाऊ दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलांची खेळणी खोक्यात भरत असायचे आणि फोनवर म्हणायचे, "पुढच्या रविवारी नक्की गं." असं म्हणता म्हणता कधीतरी तिनं मागणंच सोडलं. नेमकं कधी, ते त्यांना कितीही आठवलं तरी आठवेना. आता त्यांना एवढंच हवं होतं, की उद्या कुठल्याही पाळण्यात, बोटीत, कशातही, एकदा तिच्या शेजारी कोपराला कोपर लावून बसायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच. बॅग चांगली भरली की बाकीचं आपोआप होईल, अशी त्यांची समजूत.

बॅग भरायला अडीच तास लागले. टोप्या, उन्हाचं मलम, जखमेच्या पट्ट्या, मोज्यांचे चार जोड, रेनकोट, ओल्या कपड्यांच्या पिशव्या, बिस्किटं, संत्री, पाणी. प्रत्येक गोष्टीचं वेगळं पुडकं. त्याला बारीक हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकची गुंडाळी, वर चिकटपट्टीचे तीन वेढे, वर कागद: '१४ पैकी ६, डोकं', '१४ पैकी ११, नाजूक, ही बाजू वर'.

नाजूक म्हणजे बिस्किटं.

"अहो, बिस्किटांना कुणी पट्टी मारतं?" बायकोनं विचारलं. ती नर्स होती, रविवारी तिची ड्युटी होती, त्यामुळे ती सहलीतून आणि बहुधा या सगळ्यातून सुटल्याच्या आनंदात होती.

"चुरा होतो."

"मग चुरा खा. आणि पाण्याची बाटली तळाशी? ती तरी हाताशी ठेवा."

"जड खाली, हलकं वर. धंद्याचा नियम आहे."

"धंद्याला नाही चाललात तुम्ही, लेकीबरोबर चाललात."

टेपभाऊंनी ऐकलं नाही. पाकीट आणि मोबाइल राहिले होते. कामावर असताना त्यांचा नियमच होता, की या दोन वस्तू एका पुडक्यात घालून सील करायच्या, म्हणजे हरवायचा प्रश्न नाही. सकाळी निघता निघता तेही पुडकं झालं: '१४ पैकी ९, मौल्यवान'. याला चार वेढे. सगळ्यात वर, हाताशी, त्यांचा लाडका कटर. कटर असला की जग उघडं.

पार्कच्या फाटकावर खाकी टोपीतल्या बाईंनी बॅग उघडली आणि थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"दिवसभराचं सामान."

"एखादं उघडून दाखवा."

टेपभाऊंनी ऐटीत कटर काढला आणि एका झटक्यात '१४ पैकी ३' उघडलं. मोजे निघाले. बाईंचं समाधान झालं. त्यांनी हात पुढे केला. "आता तो कटर द्या. धारदार वस्तू आत नेता येत नाही."

"अहो ताई, हे माझं हत्यार आहे!"

"म्हणूनच मागतेय."

कटर एका डब्यात गेला, टेपभाऊंच्या हातात एक बिल्ला आला. जाताना परत मिळेल म्हणाल्या. मागून कंडक्टरकाकू पिशवी हलवत, कुणीही न अडवता, आत निघून गेल्या. जाता जाता त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मोजे छान आहेत हो."

दहा वाजता ऊन चढलं. लेक आणि बिल्डिंगमधल्या तिच्या दोन मैत्रिणी पुढे, टेपभाऊ बॅगेसकट मागे.

"बाबा, पाणी दे ना."

टेपभाऊंनी भर रस्त्यात तेरा पुडकी बाहेर काढून तळातली बाटली काढली. पट्टीचं टोक सापडेना. सापडणार कसं? टोक सापडू नये म्हणूनच तर ती पट्टी ते खास मागवत. नखानं ओढलं, किल्लीनं घासलं, शेवटी बाटलीला दात लावले. बाटली चावणारा बाप बघायला दोन-चार पोरं थांबली.

"बाबा, राहू दे. तिकडे नळ आहे." लेक इकडेतिकडे बघत म्हणाली.

"थांब गं, निघतंय. तोवर टोपी देऊ?"

"टोपी उघडी आहे?"

टेपभाऊंनी बॅगेत पाहिलं. मग म्हणाले, "मोजे आहेत."

उन्हात टाळू तापल्यावर माणूस काय करेल सांगता येत नाही. टेपभाऊंनी एक मोजा नळाखाली ओला करून डोक्यावर ठेवला, तो घसरला म्हणून दुसरा त्यावर गाठीनं बांधला. मैत्रिणी फिसकन हसल्या. लेक हसली नाही. "बाबा, आम्ही पुढे जातो. फोन करते," एवढं म्हणून ती गेली. टेपभाऊ बाकावर बसले. समोर मोठा पाळणा फिरत होता आणि प्रत्येक डब्यात कुणी ना कुणी कुणाच्या तरी शेजारी बसलेलं होतं. एका डब्यात एक बाप पोरीच्या केसांत अडकलेलं काहीतरी काढत होता. टेपभाऊ तो डबा वर जाऊन खाली येईपर्यंत बघत राहिले. परत आला, तरी बापाचं ते काम चालूच होतं.

टोपी विकत घ्यावी, तर पाकीट नऊ नंबरात. आणि लेक म्हणाली फोन करते, तर फोन? तोही नऊ नंबरात.

तेवढ्यात तो वाजला.

टेपभाऊंनी नऊ नंबर बाहेर ओढलं. प्लास्टिकच्या फुग्यांआडून लेकीचा फोटो लुकलुकत होता, प्रत्येक फुग्यात एक, अशा पंचवीस-तीस लेकी. त्यांनी घाईघाईनं हिरव्या ठिपक्यावर बोट दाबलं. फुगा फुटला. फटक्! पुन्हा दाबलं. फटक्! फोन उचलला काही गेला नाही.

"हॅलो! हॅलो, बाळ! ऐकू येतंय का?" टेपभाऊ पुडकं कानाला लावून ओरडले.

शेजारच्या बाकावरच्या बाईंनी आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

रिंग थांबली. परत सुरू झाली. फटक्, फटक्. थांबली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा टेपभाऊ उभेच राहिले. तीनदा कशाला करते? पडली असेल का? चक्कर आली असेल? पोरीला काहीतरी लागलंय आणि बाप इथं डोक्याला मोजा बांधून फुगे फोडतोय!

कंडक्टरकाकू समोरच्या झाडाखाली पाय पसरून, रुमाल डोळ्यांवर टाकून पडल्या होत्या. टेपभाऊ तीस पावलांवर होते. त्यातली दहा पावलं पैजेचा विचार करण्यात गेली. उरलेली वीस ते धावले.

"काकू! काकू, उठा! तुमचं नख द्या!"

काकूंनी रुमाल वर केला. "काय द्या?"

"नख हो, अंगठ्याचं! लेकीचा फोन आहे, उघडत नाहीये. द्या ना!"

काकूंनी पुडकं हातात घेतलं, उन्हात धरलं, तीस वर्षं तिकिटं फाडून कमावलेलं अंगठ्याचं नख एका कडेला लावलं आणि सर्रकन चारी वेढे एका दमात सोलून काढले. टेपभाऊंनी फोन हिसकावला, पण रिंग थांबली होती; ते लावत राहिले, बऱ्याच वेळानं लेकीनं उचलला.

"बाळ, काय झालं?"

"काही नाही," लेक म्हणाली. मागे आरडाओरडा, पाण्याचे आवाज. "बोटीच्या रांगेत होतो आम्ही. एका बोटीत दोघंच बसतात. त्या दोघी एकत्र बसल्या, माझ्या शेजारी कुणी नव्हतं. म्हटलं, तू येशील का."

"आलो! आत्ता आलो!"

"झालं बाबा. एका काकांना बसवलं माझ्या शेजारी. आत्ताच उतरलो."

टेपभाऊंनी फोन खाली ठेवला. त्यांनी फुटलेल्या फुग्यांच्या प्लास्टिकची नीट घडी घातली. ती बोलवायची तेव्हा ते कामावर असायचे. आज ते दोनशे पावलांवर होते, आणि तिनं तीनदा बोलावलं होतं.

"काय म्हणत होती?" काकूंनी विचारलं. टेपभाऊंनी सांगितलं. सांगता सांगता डोक्यावरचा मोजा काढून त्यानं डोळे पुसले. घाम होता म्हणे.

काकू उठल्या. त्यांनी चष्मा लावला आणि पार्कभर फिरून पाट्या वाचत सुटल्या. ही पाटी वाच, ती पाटी वाच. एका पाटीपाशी तर ओठ हलवत चांगला वेळ उभ्या राहिल्या. मग परत आल्या आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडल्या, "बिल्डिंगवाले! सगळे इकडे! टेपभाऊ पैज हरलाय!"

"हरलो कुठे? तुमच्या पिशवीतलं काही मागितलं का मी?" टेपभाऊंनी एक क्षीण प्रयत्न केला.

"नख कुणाच्या बापाचं होतं?"

बिल्डिंग गोळा झाली. लेक आणि मैत्रिणीही ओल्या केसांनी येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी बोट दाखवलं. समोर अगदी लहान पोरांचं एक चक्र होतं, त्यावर पिवळी बदकं, गुडघ्याएवढी. "त्यात बसायचं. सगळ्यांदेखत."

टेपभाऊ मान खाली घालून गेले आणि बदकात एक पाय घातला. चक्र चालवणारा माणूस धावत आला. "ओ साहेब! पाटी वाचा. मोठ्या माणसाला एकट्याला बसता येत नाही. सोबत मूल लागतं."

"अरे वा, सुटलो," टेपभाऊ म्हणाले, पण त्यांना फारसं बरं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी पाय बाहेर काढायला घेतला.

काकू टेपभाऊंकडे बघतच नव्हत्या. त्या चष्म्यावरून लेकीकडे बघत होत्या.

लेक गर्दीतून पुढे आली. मैत्रिणींच्या हातात आपली सॅक दिली. "मी आहे ना," ती चक्रवाल्याला म्हणाली. "मी यांचं मूल."

चक्रवाल्यानं तिला खालून वर पाहिलं. बापापेक्षा वीतभर उंच होती. "हे मूल?"

"हाफ तिकीट आहे, बसू द्या!" काकू गरजल्या. "चला, पुढे सरका, दार अडवू नका!"

तीस वर्षांचा आवाज होता तो. चक्रवाला नकळत बाजूला झाला.

बदकात दोघं मावत नव्हती, तरी बसली. गुडघे हनुवटीला, कोपराला कोपर नव्हे, फासळीला फासळी. चक्र सुरू झालं. बैलगाडीनंसुद्धा मागे टाकलं असतं असा त्याचा वेग. अख्खी बिल्डिंग टाळ्या वाजवत होती, कुणीतरी फोटो काढत होतं.

"बाबा, हलू नको. बदक कलंडेल."

"मी नाही हलत. तू हसतेयस म्हणून हलतंय."

"मी नाही हसत, तू रडतोयस."

"घाम आहे गं."

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, आणि बदक मंदावायला लागलं. चक्रवाल्याचा हात दांडीकडे गेलेला दिसताच टेपभाऊंनी बदकातून मान बाहेर काढली आणि सगळ्या पार्काला ऐकू जाईल असं ओरडले, "काकू! अजून एक पैज लावता का हो?"