वर्लिन टोस्ट्रूड न हरल्याची हकिकत

पराभव हा लोकशाहीतला सर्वांत सुलभ हक्क आहे. तो मिळवायला एकाही मतदाराची मदत लागत नाही. दक्षिण डकोटातल्या हॉलिंग काउंटीत जूनच्या पहिल्या मंगळवारी पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली, आणि तिसऱ्या प्रभागाच्या कमिशनरपदाच्या उमेदवारीसाठी उभा असलेला वर्लिन टोस्ट्रूड बाराशे चार विरुद्ध तीनशे अकरा मतांनी पडला.

हे एकदा सांगून टाकलं. आता ते झालंच नाही असं धरून पुढे जायचं आहे, कारण वर्लिन तसाच पुढे गेला. बुधवारी सकाळी त्याने अंगणातली स्वतःच्या नावाची प्रचाराची पाटी साबणाने धुतली आणि हातोडीचे दोन घाव घालून जमिनीत आणखी खोल रोवली.

त्याला कारण होतं. बायकोशी, म्हणजे आर्डिसशी, त्याचा करार झाला होता. जिंकला तर इथेच राहायचं. हरला तर घर विकून ॲरिझोनाला, तिच्या बहिणीच्या शेजारी. ॲरिझोनात बर्फ पडत नाही, त्यामुळे तिथे रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र नसतं, आणि वर्लिनने आयुष्याची सव्वीस वर्षं काउंटीच्या तशा यंत्रावर बसून काढली होती. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात खडी. ज्या माणसाला खडीच्या रस्त्यांतलं एवढं कळतं त्याने ॲरिझोनात जाऊन निवडुंगाकडे बघत बसावं, हे त्याला राष्ट्रीय नुकसान वाटे. (राष्ट्राचं मत विचारलेलं नाही.)

आता कोणी म्हणेल, प्राथमिक फेरीच तर हरला, खरी निवडणूक नोव्हेंबरात. तर कायद्याने तिथे दोन पक्ष आहेत. दुसऱ्या पक्षाचे काउंटीत नऊ सभासद असून त्यांतले दोघं नवराबायको आहेत आणि सध्या एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे लग्न जूनमध्येच लागतं. नोव्हेंबरात नुसता आहेर घ्यायचा असतो.

वर्लिन पडला तो एका वाक्यामुळे, यावर अभ्यासकांचं (सहकारी संस्थेच्या, म्हणजे को-ऑपच्या, कॅफेत सकाळी सहाला कॉफी प्यायला बसणारे पाच निवृत्त शेतकरी) एकमत आहे. ते वाक्य समजण्यासाठी बोटाचं शास्त्र थोडं समजून घ्यावं लागेल.

हॉलिंग काउंटीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता तर्जनी वर करायची असते. ओळख असो, नसो. भांडण असलं तरी. एक बोट म्हणजे रामराम. दोन बोटं म्हणजे नातेवाईक. पूर्ण पंजा फक्त शेजारच्या राज्यातून वाट चुकून आलेल्या मिनेसोटावाल्यांना दाखवतात, कारण त्यांना बारकावे कळत नाहीत. दोन घराण्यांत बांधाच्या कुंपणावरून एकोणीस वर्षं खटला चालू आहे. एकदा दोघे एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला निघाले, वाटेत गाड्या समोरासमोर आल्या, दोघांनी बोट वर केलं आणि कोर्टात जाऊन एकमेकांना खोटारडा म्हणाले. संस्कृती म्हणतात ती हीच.

एप्रिलच्या शेवटी अग्निशमन केंद्रात उमेदवारांची सभा होती. कोणीतरी विचारलं, खडीच्या रस्त्यावर अपघात वाढलेत, उपाय काय? वर्लिनने आयुष्यभर यंत्राच्या उंच खुर्चीवरून जे पाहिलं होतं तेच सांगितलं. म्हणाला, "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. प्रत्येकाला बोट नाही दाखवलं म्हणून कोणी मरत नाही."

सभेत कोणी ओरडलं नाही. तिथे ओरडत नाहीत. मागच्या रांगेतून एक म्हातारा एवढंच म्हणाला, "हे जरा वेगळंच बोललास, वर्लिन."

आता, त्या काउंटीत "वेगळं" हा निषेधाचा शेवटचा टप्पा आहे. त्यापुढे बंदूकच.

पुढच्या गुरुवारी साप्ताहिकात मथळा आला: 'टोस्ट्रूड यांचा शेजाऱ्यांशी संबंध तोडण्याचा सल्ला'. वर्लिनने खुलासा दिला. खुलासा देणं ही राजकारणातली अत्यंत उपयुक्त प्रथा आहे. ज्यांनी मूळ विधान ऐकलेलं नसतं त्यांच्यापर्यंतही ते पोचतं. पहिल्या खुलाशात तो म्हणाला की मीही बोट वर करतो, पण माणूस बघून. हे छापून आल्यावर प्रत्येक माणूस, आपल्याला कधी बघितलं होतं आणि कधी नाही, हे आठवू लागला. दुसऱ्या खुलाशात तो म्हणाला की माणूस बघून म्हणजे आपल्या लोकांबद्दल नव्हे, शेजारच्या काउंटीतल्या लोकांबद्दल. हॉलिंग काउंटीतल्या चाळीस टक्के सुना शेजारच्या काउंटीतल्या आहेत. तिसरा खुलासा तोंडी न देता कृतीने द्यावा असं त्याच्या प्रचारप्रमुखाने, ड्वेन क्लूट्झने, सुचवलं. त्यानुसार वर्लिन चौरस्त्यावर पाच तास बोट वर करून उभा राहिला. साप्ताहिकाने फोटो छापला. (फोटो मागून काढलेला होता. बोट नेमकं कोणतं हे मागून कळत नाही. याबद्दल साप्ताहिकाने खुलासा मागितला.)

अशा तयारीने मतदान झालं.

बुधवारी पाटी धुऊन वर्लिन को-ऑपच्या कॅफेत गेला. लोक आपल्याकडे पाठ फिरवतील अशी त्याची अपेक्षा होती. पण पाचही अभ्यासकांनी जागा करून दिली. एकाने कॉफी ओतली आणि कपाकडे बघत म्हणाला, "मी आपलं तुलाच दिलं हं मत, वर्लिन."

"मी पण," दुसरा म्हणाला. "सकाळीच जाऊन आलो."

"आमच्या घरातली तीनही," तिसरा म्हणाला, आणि त्याने वर्लिनपुढे अर्धी खारी बिस्किटं सरकवली.

बाहेर पडताना बँकेतल्या बाईने थांबवून सांगितलं. मग पशुवैद्याने. मग चर्चच्या पाळकाने, खांद्यावर हात ठेवून. दुपारपर्यंत वर्लिनने वही काढली आणि नावं लिहायला घेतली. शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी वहीत सहाशे त्रेचाळीस नावं झाली होती.

भीड भिकेची बहीण म्हणतात. हॉलिंग काउंटीत ती सगळ्यांचीच सख्खी बहीण आहे. तिथे "नाही" हा शब्द फक्त कुत्र्याशी बोलताना वापरतात. पण वर्लिन त्याच मातीतला होता, आणि मासा पाण्याची तक्रार करत नाही. त्याने सरळ हिशेब मांडला. एक: सहाशे त्रेचाळीस लोकांनी मला मत दिलं आहे. दोन: मतमोजणीचं यंत्र म्हणतं तीनशे अकरा. तीन: या लोकांबरोबर मी चर्चमध्ये बसतो, ते खोटं बोलणार नाहीत, यंत्राबरोबर मी कधीच बसलेलो नाही. सबब निवडणूक अद्याप झालेली नाही, आणि ॲरिझोनाचा प्रश्न उद्भवत नाही.

प्रथेप्रमाणे हरलेल्याने जिंकलेल्याला फोन करून अभिनंदन करायचं असतं. वर्लिनने फोन केला, पण आपण अभिनंदन का करू शकत नाही हे कळवण्यासाठी. जिंकलेली उमेदवार लव्हॉन स्टुबी ही शाळेची निवृत्त ग्रंथपाल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वर्लिन, खरं सांगू का," ती म्हणाली, "मला फार वाईट वाटलं. मी तर तुलाच दिलं मत."

"तू मला दिलंस?"

"स्वतःला कसं द्यायचं? बरं दिसतं का ते?"

वर्लिनने वहीत सहाशे चव्वेचाळीसावं नाव लिहिलं. विजयी उमेदवाराचंच मत पराभूत उमेदवाराला पडल्याचं हे काउंटीच्या इतिहासातलं पहिलं नोंदलेलं उदाहरण असावं. आता त्याला शंका उरली नाही.

सोमवारी तो निवडणुकीचं काम बघणाऱ्या काउंटी ऑडिटरकडे गेला. डोरीन पिकार्टने त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला होकारार्थी मान हलवत नकार दिला. फेरमोजणी? हो हो, असते ना, पण फरक अगदी थोडका असला तरच. अपक्ष म्हणून? छान कल्पना आहे, पण मुदत वसंतातच संपली, आणि प्राथमिक फेरीत पडलेल्याला तसंही चालत नाही. मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहिलं तर? कितीतरी राज्यांत चालतं म्हणे, आपल्याकडे नाही.

"मग माझं राजकीय भवितव्य काय, डोरीन?"

"खूप आहे," डोरीन म्हणाली. "तणनियंत्रण मंडळावर एक जागा रिकामी आहे. आठ वर्षं कोणी अर्जच केलेला नाही."

ड्वेनने तेही आधीच हेरून ठेवलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा कमिशनरपद, तोवर तण, असा त्याचा आराखडा होता. 'वर्लिन: मुळापासून' अशी घोषणाही त्याने तयार ठेवली होती.

निघताना डोरीनने सौजन्य म्हणून केंद्रवार निकालाचा कागद दिला. "आणि मी पण तुलाच हं," ती म्हणाली. वर्लिनने पिकअपमध्ये बसून कागद उघडला. त्याचं स्वतःचं केंद्र होतं बर्गेन टाउनशिप. एकूण मतं चौऱ्याण्णव.

टोस्ट्रूड: दोन.

सहाशे चव्वेचाळीस आणि तीनशे अकरा यांतला फरक यंत्रावर ढकलता येत होता. पण यंत्र बिघडलं तरी दोन इतक्या नेमकेपणाने बिघडत नाही. एक मत त्याचं. ते देताना तो स्वतः हजर होता. उरलं एक. वही उघडून पाहिली तर बर्गेन टाउनशिपमधून त्या एका मतावर एकाहत्तर जणांचा दावा होता. त्यांत ड्वेन होता. आणि त्यांत आर्डिसही होती.

घरी आर्डिस हॉटडिश, म्हणजे बटाट्यांचा भाजलेला पदार्थ, ओव्हनमधून काढत होती.

"आर्डिस, तू मत कोणाला दिलंस?"

"तुला. दुसरं कोणाला देणार?"

"आपल्या केंद्रात मला दोनच पडलीत."

तिने भांडं टेबलावर ठेवलं, खाली लाकडी पाट सरकवला. "मग एक तुझं, एक माझं. झालं की."

"ड्वेन म्हणतो ते त्याचं आहे."

"ड्वेन प्रचारप्रमुख आहे. त्याला म्हणावंच लागतं."

"आणि तुला?"

आर्डिसने त्याच्या ताटात वाढलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. "मी बायको आहे," ती म्हणाली. "गरम आहे, फुंकून खा."

"फ्रिजवर ॲरिझोनाच्या घराचा फोटो कधीपासून आहे?"

"एक चुंबक रिकामा होता."

"एप्रिलपासून?"

"मार्च," आर्डिस म्हणाली. "त्या घराला दोन खोल्या आहेत. एक तुला, तुझ्या त्या वहीला." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तुझं ते स्टिअरिंगचं म्हणणं मला तेव्हाही बरोबरच वाटलं होतं. जरा वेगळं होतं, एवढंच."

वर्लिनने काटा खाली ठेवला. एकाहत्तर लोकांपैकी कोण खरं बोलतंय हे कळलं तर मताचा आणि ॲरिझोनाचा, दोन्ही प्रश्न सुटणार होते. ते मत आर्डिसचं असेल तर तिच्यासाठी ॲरिझोनालाही जायला तो तयार होता. तिचं नसेल तर जायचं की नाही, आणि कोणाबरोबर, याचा विचार करावा लागणार होता. आणि जिला विचारायचं ती उत्तर देऊन बसली होती.

अशा वेळी सुज्ञ नागरिक अर्ज करतो. अर्ज आर्डिसनेच टाईप करून दिला. तिची बोटं चांगली चालतात, आणि त्यातल्या दुसऱ्या कलमाशी ती काही सेकंद थांबली होती एवढंच. एक प्रत ऑडिटर कार्यालयात दिली गेली आणि एक को-ऑपच्या फलकावर लावली गेली. ती अशी:

"प्रति, काउंटी ऑडिटर, हॉलिंग काउंटी, यांस.

अर्जदार वर्लिन टोस्ट्रूड, राहणार बर्गेन टाउनशिप, सविनय कळवतो की,

१. दि. ४ जूनची प्राथमिक निवडणूक, पुढील खुलासा होईपर्यंत, झालेली नाही असे समजण्यात यावे.

२. बर्गेन केंद्रातील दोन मतांपैकी जे अर्जदाराचे नाही, ते कोणाचे हे अर्जदारास खाजगीत कळवावे. मतदान गुप्त असल्याने नाव देता येत नसल्यास, सदर मतदार अर्जदाराच्या घरी जेवतो किंवा जेवते काय, एवढेच होय किंवा नाही यांत कळवावे.

३. यापुढे काउंटीतील कोणत्याही रहिवाशाने अर्जदारास 'मी तुलाच मत दिले' असे सांगण्यापूर्वी, ते दिले असल्याची खात्री करून घ्यावी. दिले नसल्यास तसे तोंडावर सांगावे. अर्जदार रागावणार नाही.

४. हा अर्ज वाचताना ज्यांच्या मनात 'बिचारा, मी तिथे असतो तर यालाच दिलं असतं' असे आले असेल, त्यांनी ते मनात न ठेवता खालील रकान्यांत लिहून सही करावी: आपले नाव, हेच वाक्य याआधी ज्यांना सांगितले त्या सर्वांची नावे, आणि प्रत्यक्षात मत कोणाला दिले ते. सर्व रकाने भरणे बंधनकारक आहे. अपूर्ण माहिती विचारात घेतली जाणार नाही. जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा, ही विनंती."