अप्पांची अदब

रंकाळ्यावर एखादा तरुण आणि तरुणी बरोबर चालताना दिसली, की आमचे हेडक्लार्क अप्पासाहेब तळ्याकडे तोंड करून उभे राहत. ती दोघं पुढं जाईपर्यंत मान वळवत नसत. दुसऱ्याच्या खाजगीत डोकावू नये, ही त्यांची दरबारी अदब. संस्थान विलीन झालं, अदब तेवढी व्हायची राहिली. पंचाईत एवढीच, की अप्पांचा गुलाबी पटका तळ्याकडे वळला, की सारा रंकाळा उलटीकडे वळून बघे, कोण चाललंय म्हणून.

मी त्यांच्या हाताखालचा कारकून, आणि स्वतःच्या मते फार देखणा. पलीकडच्या गल्लीतल्या सुलूशी दोनदा बोललो होतो. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिता पिता मित्रांना मात्र वीसदा सांगितलं. अप्पा शेजारीच पेला घेऊन उभे होते.

"बाईमाणसाचं नाव चारचौघांत घेऊ न्हाई, पावणं," ते म्हणाले. रागावले की ते ओळखीच्यालाही पावणं म्हणत.

मी हसण्यावारी नेलं. पुढच्याच रविवारी सुलूबरोबर रंकाळ्यावर गेलो, अप्पांनी अदबीनं पाठ फिरवली आणि आमची वरात गावानं पाहिली. आठ दिवसांत सुलूचं शिवणाच्या वर्गाला जाणं बंद झालं. तिच्या वडिलांनी गडहिंग्लजचं स्थळ बघायला घेतलं. आणि मी मर्दगडी तापाचं निमित्त करून अंथरुणात.

अप्पा घरी आले. "माझ्या पाठीनं घात केला, पर तुझ्या तोंडानं त्याच्या आधीच केलता. ऊठ. रीतसर मागणी घालायची."

सुलूच्या दारापर्यंत गेलो आणि मागं वळलो. म्हटलं, "अप्पा, पुढच्या आठवड्यात येऊ की. असं एकदम बरं दिसायचं न्हाई."

पटका सारखा करणारे त्यांचे हात थांबले.

"बरं दिसायचं न्हाई म्हणून मीबी थांबलो हुतो. एकीचं नाव कुणाम्होरं घेतलं न्हाई. तिच्याम्होरंबी न्हाई. ती लगीन होऊन निपाणीला गेली. तिला अजून ठावं न्हाई."

पन्नाशीच्या या सडाफटिंग माणसाला कचेरीत सगळ्यात जास्त मीच हसलो होतो. मला माझी लाज वाटली.

मी कडी वाजवली.