खिशातले दात

प्रिय रेवा आणि ईशान,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुळशीराम आजोबांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचे दात काढले, पायजम्याला पुसले, तोंडात बसवले आणि मगच "कसे हा पोट्टेहो?" म्हणून विचारलं. तुम्ही दोघं खुर्चीवरून घसरेपर्यंत हसलात. हसलात ते बरं केलंत, तेही हसत होते. पण नंतर ईशानचा निरोप आला की हा माणूस दात तोंडात का ठेवत नाही? फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही मध्येच कुठेतरी निघून जाता, म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा. अडेल तो शब्द आईला विचारा.

तुळशीराम आजोबा हे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर. रिठदला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत इंग्रजी शिकवलं. घंटा झाली की बसायचं, घंटा झाली की उठायचं, ही माझी सवय. भाऊजींना कुठल्याच घंटेला बसता येत नाही. चहा उभ्यानेच पितात, तोही अर्धा. कप आमच्या खिडकीत ठेवतात, "आलोच, वयनी" म्हणतात आणि जातात. त्यांचं "आलोच" निदान दोन तासांचं असतं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबतं. संध्याकाळी खिडकीतून मी तीन-तीन कप उचलते.

एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना समोर रस्त्यापलीकडे त्यांची एक मेंढी रायमुनियाच्या झुडपाला तोंड लावताना दिसली. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, मेंढ्यांना बाधतो. न्हाव्याला "आलोच" म्हणाले आणि फेसासकट धावले. उरलेली दाढी त्या आठवड्यात झालीच नाही. दोन बाजूंनी दोन माणसं दिसायची.

त्यांच्याकडे एकोणीस मेंढ्या आणि गावामागे दोन एकर माळ आहे. तो माळ पूर्वी अनुसयाआजी, म्हणजे त्यांची बायको, सांभाळायची. रोज खुरपं घेऊन जायची आणि फुलावर यायच्या आत गाजरगवत मुळासकट काढायची. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला मुलाकडे गेली. बाळ लहान, सून नोकरीला जाणारी. पोरगं चालायला लागलं की परत येईन, असं सांगून गेली होती. पोरगं आता धावतं.

ती गेली आणि माळही गेला. गाजरगवत कमरेइतकं वाढलं, कडेने रायमुनिया आत सरकला. मेंढ्या फाटकापर्यंत जायच्या आणि बस चुकलेल्या माणसांसारख्या तिथेच उभ्या राहायच्या. भाऊजी त्यांना दुसऱ्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, फिरवून आणायचे आणि चार शिव्या ऐकून यायचे.

त्या मेंढ्यांत एक भुरी आहे. जन्मताच आई गेलेलं कोकरू अनुसयाने बाटलीने दूध पाजून वाढवलं. आता ती म्हातारी झाली आहे आणि तिचे खालचे पुढचे दात पडले आहेत. मेंढी गवत तोडते ते याच दातांनी. वरच्या बाजूला तिला पुढे दात नसतातच. ईशान, हे लिहून ठेव. राठ गवत तुटेना, म्हणून भाऊजी तिला कण्या शिजवून हाताने भरवायचे.

अनुसयाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पहिला प्रश्न भुरीचा, दुसरा माळाचा. भाऊजी अंगणात येरझाऱ्या घालत उत्तर द्यायचे आणि मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. "सोताच चरते. पोटभर. माळ? तू ठेवला होता तसाच हाये." त्यांना काही बोलणं बरं दिसेना, म्हणून मी गप्प राहायचे.

मग उन्हाळ्यात अनुसयाने कळवलं की दिवाळीला आठ दिवस येते.

नेमकं त्याच आठवड्यात मी मदत म्हणून मेंढ्यांची वही केली. नाव, वय, दात, शेरा, असे चार रकाने. भुरीपुढे शेरा लिहिला, केनवडच्या बाजारात विकणे. मला ते सरळ वाटलं. चरत नाही ती मेंढी ठेवून करायचं काय? भाऊजींनी शेरा वाचला आणि कपातला चहा शेवटपर्यंत संपवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबा, वयनी. माळावर चरताना दाखवतो तुमाले."

दुसऱ्या दिवसापासून ते माळावर तुटून पडले. मी त्यांना योजना आखून दिली. माळाचे आठ चौकोन, कोपऱ्यांना रंगवलेल्या नंबरी विटा, दर आठवड्याला एक चौकोन. पहिला अर्धा करून ते सहाव्यात गेले, सहावा तसाच टाकून तिसऱ्यात आले. वाटेत आल्या म्हणून विटाही हलवल्या. चार नंबरची वीट मला त्यांच्या चुलीपाशी सापडली. गाजरगवताने अंगाला खाज सुटली होती, त्यामुळे माझी तक्रार ऐकताना ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे होते. अशा माणसाला रागावणार तरी कसं?

तिसरा चौकोन साफ झाला तशी त्यांना खताची घाई झाली. शेजारच्या बागायतदाराच्या उकिरड्यावरून ओलं शेणखत आणलं. मी म्हटलं, आधी कुजू द्या, त्यात बिया आहेत. "आलोच," म्हणाले आणि फेकून आले. पावसानंतर चौकोन हिरवागार झाला. भाऊजींनी मला मुद्दाम दाखवायला नेलं. तो सगळा तरोटा होता. तरोट्याला मेंढ्या तोंड लावत नाहीत. माणसं मात्र कोवळ्या पाल्याची भाजी करतात. टाकून द्यायला जीव होईना म्हणून आठ दिवस दोन्ही घरांत दोन्ही वेळा तरोटा शिजला. नवव्या दिवशी तुमचे आजोबा ताटावरून उठले आणि म्हणाले, "तुळश्या, आता मलेच बांध माळावर."

तरोटा उपटून झाल्यावर चांगलं गवत हवं होतं. मारवेल नावाचं एक बारीक, गोडसर गवत आहे. पूर्वी आमच्या माळावर तेच होतं. केनवडला नात्यातला साखरपुडा होता. पाहुण्यांना गुलाबी फेटे बांधले, पाटावर बसवलं, फोटो काढायची वेळ आली आणि भाऊजी गायब. शोधायला गेलेले लोक त्यांना मंडपामागच्या धुऱ्यावरून घेऊन आले. फेटा डोक्यावर नव्हता. त्यात मारवेलाचे मातीसकट उपटलेले ठोंब बांधलेले होते. मुलीच्या आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली जिलबी परत ताटात ठेवली. परतीच्या जीपमध्ये मी बोलणं सोडलं, तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वयनी, फेटा धुता येते. हे गवत पुन्हा कवा भेटन?"

ते ठोंब तिसऱ्या चौकोनात लागले आणि त्याच सुमाराला भाऊजींचे दात खिशात गेले. माळावर निघाले की तोंड बोळकं आणि खिसा फुगलेला. रिसोडला जाऊन नवीन बसवलेली कवळी झिजेल म्हणून जपतात, असं गावाने ठरवलं. माझं मत होतं की हा निव्वळ गबाळेपणा आहे आणि मी ते त्यांना दोनदा ऐकवलं. दोन्ही वेळा ते "आलोच" म्हणाले.

दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना मी सकाळी वही घेऊन माळावर गेले. भाऊजी तिसऱ्या चौकोनात गुडघ्यांवर टेकले होते. त्यांनी मारवेलाची एक काडी उपटली, तोंडात घातली आणि नुसत्या हिरड्यांनी बराच वेळ चघळली. मग थुंकले, डोकं हलवलं आणि दोन हात पुढे सरकले. दुसरी काडी चघळली. ती पसंत पडली असावी, कारण तिथे त्यांनी एक काटकी रोवली. मागे भुरी उभी होती. तिला त्यांनी त्या काटकीपाशी आणलं. तिने वास घेतला, ओठांनी गवत धरलं आणि मान झटकून तोडलं.

मी विचारलं, हे काय चाललंय.

"दात घालून चावलं तं समदंच नरम लागते, वयनी," भाऊजी म्हणाले. "हिले तं दात नाईत. हिच्यावानीच चावून पाहा लागते."

मग माझ्याकडे न पाहता पुढची काडी उपटली आणि म्हणाले, "अनुसया रोज इच्यारते. दोन वर्सं झाले, खोटंच सांगून राह्यलो."

मी घरी आले आणि वहीतला भुरीपुढचा शेरा खोडला. माझ्या वहीत खाडाखोड नसते. तेवढी एकच आहे.

अनुसया आली त्या दिवशी भाऊजी दात घालून, दोन्ही गालांची दाढी करून उभे होते. तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय न धुता माळावर गेली. आम्ही दोघं मागोमाग. दोन एकरांत हिरवा म्हणावा असा तो एकच चौकोन. बाकी सगळीकडे वाळलेलं गाजरगवत उभं होतं. चौकोनात भुरी खाली मान घालून चरत होती.

"फोनवर तं पुरा माळ होता," ती म्हणाली.

मला वाटलं, आता "आलोच" म्हणतील आणि जातील. पण अनुसया प्रवासातल्या साडीतच उकिडवी बसली, मारवेलात घुसलेलं गाजरगवताचं एक रोप मुळासकट ओढून काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "किती खेपा सांगतलं, मुळापासून काढा लागते."

भाऊजी तिच्या शेजारी खाली बसले. मी सवयीने घड्याळ पाहिलं. पाऊण तास बसले.

आठ दिवसांनी ती पुण्याला गेली. जीप वळणाआड झाल्यावर भाऊजींनी आमच्याकडे अर्धा चहा घेतला, कप खिडकीत ठेवला आणि माळाकडे निघाले. जाताना दात खिशात टाकले.

तर ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. एका चौकोनाचे आता दोन झाले आहेत, सहा अजून गाजरगवताचेच आहेत. संध्याकाळचा फोन येतो. भुरी आहे आणि स्वतः चरते.

तुमची आजी